लाल गाडी, दोन दारं

गडहिंग्लज,
४ एप्रिल १९९९

चि. संघप्रियास,

जयभीम. आमी दोघं बरी हाय. तुझं पत्र वाचलं, चष्मा पुसला आन परत वाचलं. मजकूर बदलला न्हाय.

गाडी घेणार म्हणतीस, त्याचा आनंदच हाय. शिरोली एमआयडीसीत सोताचं मशीन शॉप काढलंस, पंपाचं सुटं भाग करतीस, आन हायवेला ट्रकांच्या मधनं स्कूटर घालून जातीस. मला ते कधीच पटलं न्हवतं. पर गाडी म्हंजे गाडी घ्यावी की! दोन दारांची कशापायी? रोजच्या वापराला पायजे म्हणतीस आन सिनेमातल्या हिरोची गाडी बघतीस! तुझ्या आईचं गुडघं दुखत्यात. ती पुढची खुर्ची वाकवून, कुबड काढून मागं शिरणार व्हय? आन एकदा शिरली की बाहीर कोण काढणार? मी, का फायर ब्रिगेड?

त्यात एक न्हाय, दोन गाड्या बघितल्यास, आन दोन्ही तसल्याच. लाल का चंदेरी म्हणून मला इचारतीस. मी म्हणतो दोन्ही नगं. तुझ्या वयाची माणसं संसाराची गाडी घेत्यात. तू छत्तीस वरसांची झालीस, लगीन केलं न्हाईस, त्यावर मी कधी बोललो न्हाय. पर गाडीवर बोलणार. त्या धंद्यात माझं आयुष्य गेलंय.

फोन करू नगंस. बूथवर मागं माणसं हुबी असत्यात, आन तुझी आई रिसीव्हर कानाला लावून नुसती हसतीया, बोलत कायच न्हाय.

तुझा आप्पा,
गणपती

&nbsp;

कोल्हापूर,
७ एप्रिल १९९९

ती. आप्पांना,

सप्रेम जयभीम. आईला सांगा, तिला मी पुढंच बसवणार आहे. मागं तुम्ही बसायचं.

दोन दारांची गाडी ही काय गाडी असते का, असं विचारलंत. तुम्ही जन्मभर चालवलीत त्या एस.टी.ला एकच दार होतं. ते चालतं, आणि माझी दोन दारं चालत नाहीत?

नीट सांगते, मग काय रागवायचं ते रागवा. ह्या गाड्यांना कूपे म्हणतात. बुटक्या असतात, छप्पर मागं उतरत जातं, पळायला बनवलेल्या. लाल आहे ती ताराबाई पार्कातल्या हंबीररावांची. मोठे काँट्रॅक्टर. त्यांचा भाऊ सिंगापूरहून परत आला तेव्हा घेऊन आला, आता तो पुण्याला गेला आणि गाडी अंगणात उभी आहे. चंदेरी आहे ती कबनूरच्या महालिंगअण्णांची. त्यांचे कापडाचे माग आहेत. मुलगा सोमेश हौसेनं घेऊन बसला आणि अमेरिकेला गेला. दोन्ही सौदे गुंडू एजंटनं आणले.

चंदेरी गाडीला क्लच नाही, गिअर आपोआप पडतात. मागची सीटही जरा मोठी. बाजारात, महाद्वार रोडच्या गर्दीत, ती बरी. सगळे म्हणतात बाईमाणसाला तीच सोयीची. तेवढ्यासाठीच मला ती थोडी नावडली! लाल गाडीला पाच गिअर आहेत आणि ते असे पडतात, की हाताला नुसतं कळतं, जोर लागत नाही. मी कागलपर्यंत नेऊन आणली. खाली घासेल म्हणाल, तर मी रस्त्यावर बसून हातानं मोजलं, वीतभर जागा आहे. शिरोलीतल्या आतल्या रस्त्यावर हळू घ्यावी लागेल, एवढंच. डिकीत पंपाची दोन केसिंग आरामात बसतात. रोज जायला-यायला मला आणखी काय पाहिजे?

लहानपणी सुट्टीत मी तुमच्या मागच्या सीटवर जाळीला नाक लावून बसायची. तवंदी घाटात तुम्ही गिअर बदललात की माझ्या पाठीला कळायचं. शाळेत सगळ्या पोरी म्हणायच्या डॉक्टर होणार, मास्तरीण होणार. मला फक्त चालवायचं होतं. इंजिनिअर झाले, लेथ चालवली, कारखाना चालवला. आता गाडी चालवायची आहे, आणि ती गिअरची.

लाल घ्यायची ठरवली आहे. रविवारी जाऊन बयाणा देते. चौदा तारखेला जयंतीला गाडी घेऊनच यायचा विचार आहे.

तुमची,
संघप्रिया

&nbsp;

कोल्हापूर,
१२ एप्रिल १९९९

ती. आप्पा,

जयभीम. लाल गाडी रद्द केली. सीट फार खाली आहे, कंबर धरेल. ऑर्डर घाईची आहे, जयंतीला यायला जमणार नाही. आईला सांगा.

संघप्रिया

&nbsp;

गडहिंग्लज,
२५ एप्रिल १९९९

चि. संघप्रियास,

जयभीम. तुझं कार्ड मिळालं. वाचून बरं वाटलं. बापाचं ऐकलंस! तुझ्या आईला म्हणलं, बघ, शिकलेली असली तरी पोरगी आपली हाय, सांगितल्यावर डोक्यात शिरतं.

जयंतीला आली न्हाईस ते मातर चांगलं झालं न्हाय. मिरवणुकीत सगळी इचारत हुती. तुझ्या आईनं पुरण घातलं आन सोता खाल्लं न्हाय. एक दीस कारखाना बंद ठिवला असता तर पंप पाणी ओढायचं थांबलं असतं व्हय?

असो. आता शांतपणी चार दारांची बघ. तुझा सभाव लहानपणापास्नं हट्टी, पर उशिरा का हुईना शहाणपण आलं.

तुझा आप्पा

&nbsp;

कोल्हापूर,
३ मे १९९९

ती. आप्पांना,

सप्रेम जयभीम.

खरं सांगणार नव्हते. तुमचा रक्तदाब, तुमचा स्वभाव, दोन्ही मला ठाऊक आहेत. पण तुम्ही लिहिलंत की मी ऐकलं, मला शहाणपण आलं. ते पत्र उशाखाली ठेवून मी आठवडा काढला. आता राहवत नाही. मी तुमचं काही ऐकलेलं नाही, आप्पा. सीट खाली नाही. सीट उत्तम आहे. मला गाडी दिली नाही.

त्या रविवारी गेले. हंबीरराव अगदी अगत्यानं वागले. "या मॅडम, बसा मॅडम, तुमच्यासारख्या बाईनंच चालवावी अशी गाडी हाय." त्यांच्या पत्नीनं चहा आणला, चिवडा आणला. मी शिरोलीत कारखाना कसा काढला ते विचारलं. व्यवहार ठरलेला होता, फक्त पावती करायची होती. त्यांनी कागद घेतला, पेन उघडलं. म्हणाले, "पूर्ण नाव सांगा."

मी म्हटलं, "संघप्रिया गणपती..."

पेन तिथंच थांबलं. "संगप्रिया म्हंजे?"

"म्हणजे काय? नाव आहे."

"न्हाय न्हाय, छान हाय की. आन आडनाव?"

मी सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. ते लावताना माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. आत गेले. बराच वेळ आले नाहीत. मी एकटी चिवड्याच्या बशीसमोर बसून राहिले. बाहेर आले ते उभ्या उभ्याच म्हणाले, "मॅडम, जरा अडचण झालीया. भावकीतला एकजण गाडी मागतोय. घरच्या माणसाला न्हाय कसं म्हणायचं?"

तासाभरापूर्वी भावकीत कुणालाच दोन दारांची गाडी नको होती.

बाहेर रस्त्यावर गुंडू एजंट मला काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, "मॅडम, आधी सांगायचं न्हाय व्हय? नुसतं एस. जी. लिहायला सांगितलं असतं. कागद झाल्यावर कोण बघतंय?" म्हणजे चूक माझी! मी माझं नाव सांगितलं ही चूक! हंबीररावांपेक्षा मला त्याचा संताप जास्त आला, कारण तो खरोखर माझ्या भल्याचं सांगत होता.

आणि भावकीतला माणूस कोण? परवा तोच गुंडू ती गाडी कापड दुकानवाल्या एका शेठला दाखवत होता. मी रंकाळ्यावर माझ्या डोळ्यांनी बघितली.

आता पोलिसात जाऊन काय सांगू? माणसानं आपली गाडी विकली नाही, हा गुन्हा कुठल्या कलमात बसतो? शिवी दिली नाही, हात उचलला नाही. उलट चहा पाजला. त्यानंच जीव जळतो. ओरडायलासुद्धा जागा ठेवली नाही त्यांनी.

जयंतीला आले नाही, कारण तुमच्या तोंडासमोर मला खोटं बोलता आलं नसतं.

आईला सांगू नका. आणि काही करू नका.

संघप्रिया

&nbsp;

गडहिंग्लज,
२० मे १९९९

चि. संघप्रियास,

जयभीम. तू म्हणालीस काय करू नगा. आठ दीस काय केलं न्हाय. जेवान गेलं न्हाय. मग तुझ्या आईला पेन्शनच्या कामाला जातो म्हणून सांगितलं, पांढरा शर्ट घातला आन कोल्हापूरला गेलतो. तुझ्या घरी आलो न्हाय. ताराबाई पार्कात गेलो.

अंगणात हंबीरराव आन दोन पावणं खुर्च्या टाकून बसलेलं. तुझी लाल गाडी कोपऱ्यात हुबी. बघितली. रंग लईच भडक हाय.

"या पावणं, कुठलं?" म्हणालं.

"गडहिंग्लज. यष्टीत ड्रायव्हर हुतो."

त्यातला एक पावणा माझ्या तोंडाकडं बघायला लागला. "अवो, गडहिंग्लज गाडीवर हुता न्हवं? तुमच्याच गाडीनं मी कालेजला जायचो." उठून हात जोडलं त्यानं. हंबीररावांनी लगेच खुर्ची मागवली. मी बसलो न्हाय.

म्हणलं, "बसायला आलो न्हाय. माझ्या लेकीला तुमी गाडी देणार हुता. तिचं नाव ऐकलं आन पेन मिटलं. असं का, तेवढं इचारायला आलोय."

हंबीरराव हसलं. "तसं काय न्हाय हो. गैरसमज झाला. मॅडमना म्या सांगितलं की, भावकीतला..."

"गाडी हितंच हाय."

"त्याचं जमलं न्हाय."

"मग माझ्या लेकीला निरोप का धाडला न्हाय?"

मला काय झालं सांगता यायचं न्हाय, पोरी. मी वरडलो न्हाय. म्हणलं, "साहेब, तीस वरसं माझ्या मागं सगळ्या जातीची माणसं बसली. घाटात डोळं मिटून झोपली. पोरंबाळं माझ्या हवाली करून झोपली. चढताना एकानं ड्रायव्हरचं आडनाव इचारलं न्हाय. उतरल्यावर माझ्या हातचं पाणी मातर कुणाकुणाला नगं असायचं. तवा मी गप बसलो, नोकरी हुती. आज नोकरी न्हाय. तुमाला गाडी द्यायची नसंल तर देऊ नगा. तुमची हाय. पर कशापायी न्हाय ते ह्या दोन पावण्यांच्या म्होरं तोंडानं म्हणा."

त्यांच्या तोंडातनं ते निघंना. मनात असतंय, पेनात असतंय, तोंडात येत न्हाय. शेवटाला म्हणालं, "मॅडमना सांगा, गाडी त्यांचीच."

"मॅडम न्हवं. नाव घ्या."

"संगप्रिया."

म्हणलं, "घ लावा. संघ."

"संघप्रिया," म्हणालं.

मी बाहीर पडलो. येताना यष्टीत खिडकीची जागा मिळाली.

आता तू गाडी घे. तीच. लाल.

तुझा आप्पा

&nbsp;

कोल्हापूर,
२४ मे १९९९

ती. आप्पांना,

जयभीम.

तुम्हाला काही करू नका म्हणून लिहिलं होतं. मराठीतच लिहिलं होतं.

माझ्यासाठी तुम्ही त्या माणसाच्या अंगणात उभे राहिलात. खुर्ची दिली तरी बसला नाहीत. हे वाचताना मला काय वाटलं असेल? मला त्या अंगणात तुम्ही नको होतात. तुमचा पांढरा शर्ट नको होता. तिथं मी अपमान गिळला तो तुम्हाला त्याचं वारंसुद्धा लागू नये म्हणून!

आणि आता गुंडू रोज फोन करतो. "मॅडम, साहेब तयार झालेत. वडलांनी शब्द टाकला म्हणं." शब्द टाकला! म्हणजे गावभर हीच गोष्ट झाली, की म्हाताऱ्यानं जाऊन हातापाया पडून पोरीला गाडी मिळवून दिली. आता मी ती घेतली तर हंबीररावांचे उपकार, आणि नाही घेतली तर तुमचा अपमान. आधी निदान राग तरी सरळ होता.

माझं भांडण माझं होतं, आप्पा. ते तुम्ही नेलंत.

मी कबनूरला जाऊन चंदेरी गाडीचं नक्की करणार आहे. महालिंगअण्णांना मी पहिल्याच भेटीत मुद्दाम पूर्ण नाव सांगितलं होतं. ते म्हणाले, "बरं. पण गाडी उन्हात लावणार का सावलीत?" बस्स. तेवढंच विचारलं. अशा माणसाकडून घ्यावी.

संघप्रिया

&nbsp;

गडहिंग्लज,
३० मे १९९९

चि. संघप्रियास,

तुझं भांडण तुझं म्हणतीस. ते तुझं कवापास्नं झालं?

तुझं नाव मी ठिवलंय. शाळेत घालाय नेलं तवा गुरुजी म्हणालं, सोपं कायतरी सांगा, शांता ठिवा, लता ठिवा, पोरीला पुढं तरास हुईल. मी म्हणलं, जे हाय तेच लिवा. ते भांडण तवाच सुरू झालं. तू त्याच्या मागनं मोठी झालीस. माझ्या भांडणात तू आलीयास, तुझ्यात मी न्हाय.

हातापाया कुणाच्या पडलो न्हाय. पडलो असतो तर तुला लिवलं नसतं.

चंदेरी घे, लाल घे, न्हायतर बैलगाडी घे. पर एक ध्यानात धर. माझ्यावर रागवून लाल सोडू नगं, आन त्याच्यावर रागवूनबी सोडू नगं. गाडी नावडली तर सोड.

तुझ्या आईला कळलंय. कापडं धुताना खिशात तुझं पत्र घावलं. तीन दीस माझ्याशी बोलली न्हाय. मग म्हणाली, मला का न्हेलं न्हाय संगं?

आप्पा

&nbsp;

कोल्हापूर,
२० जून १९९९

ती. आप्पा आणि आई,

दोघांनाही जयभीम. आईनं हे पत्र खिशात सापडायची वाट बघू नये म्हणून तिचंही नाव घातलं आहे.

कबनूरला गेले होते. महालिंगअण्णांनी चंदेरी गाडी धुऊन-पुसून ठेवली होती. सोमेशचा फोटो दाखवला, अमेरिकेतल्या बर्फात उभा असलेला. मी इचलकरंजीपर्यंत चालवली. मऊ गाडी. पाय ठेवला की जाते, काढला की थांबते. एकही खोड नाही. आणि मला कंटाळा आला, आप्पा! सिग्नलला डावा पाय उगाच क्लच शोधत होता.

परत येऊन अण्णांच्या ओट्यावर बसले. घेते म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. मनात आलं, मी ही का घेते आहे? गाडी आवडली म्हणून नाही. ह्या माणसानं मला माणसासारखं वागवलं म्हणून. मग माणसासारखं वागवणं हा काय उपकार आहे, की त्याच्या बदल्यात नको असलेली गाडी घ्यावी? असं करत गेले तर जन्मभर मी नको त्या वस्तू घेत फिरेन.

अण्णांना सगळं सांगितलं. ते रागावतील वाटलं होतं. थोडा वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "शांतव्वा, ऐकलंस का गं?" त्यांची बायको दारात येऊन उभी राहिली. "ही बाई आमची गाडी घेत न्हाय. गिअर न्हाय म्हणून." ती म्हणाली, "बरं झालं. सोमेश आला की चालवंल." तिला ती विकायचीच नव्हती, हे अण्णांना त्या दिवशी कळलं असावं.

लाल गाडी मला एप्रिलमध्ये आवडली होती. ती हंबीररावांमुळं आवडली नव्हती आणि हंबीररावांमुळं नावडती होणार नाही. मी काय चालवायचं हे पुन्हा त्यांनीच का ठरवावं? म्हणून गुरुवारी गेले. व्यवहार एप्रिलमध्ये ठरला होता तसाच. ते सूट देत होते, मी घेतली नाही. चहा आला, प्यायले नाही. कागदावर नाव मी माझ्या हातानं लिहिलं.

सह्या झाल्या. हंबीरराव उठून उभे राहिले. गुंडूही होता. म्हणाले, "झालं गेलं इसरून जावा, मॅडम. मनात राग धरू नका."

मी म्हटलं, "धरलाय. तो माझ्याकडंच राहू दे. चावी द्या."

त्यांनी दिली.

आणि आप्पा, गेटमधनं बाहेर काढताना माझ्या हातून इंजिन बंद पडलं! दोघं मागं उभे राहून बघत होते. कान तापले माझे. पुन्हा चालू केली आणि निघाले. कावळा नाक्यापर्यंत दुसऱ्या गिअरमध्येच ओढत नेली, मला कळलंच नाही. वाटेत सगळी उत्तरं सुचत होती, तिथं द्यायला हवी होती ती. एकेक मोठ्यानं बोलत होते. शेजारच्या रिक्षावाल्यानं बघितलं, बघू दे म्हटलं.

मग हायवेला लागले. तिसरा टाकला, चौथा टाकला. पंचगंगेच्या पुलावर वारं आत आलं आणि गाडी अशी सुटली, की मी एकटीच हसायला लागले. राग कुठं गेला नव्हता. तोही शेजारच्या सीटवर बसलेला होता, तोंड फुगवून. पण स्टिअरिंग माझ्या हातात होतं.

त्या दिवसापासून रोज तीच घेऊन शिरोलीला जाते. काल पाऊस होता, वायपर जरा आवाज करतो, तेवढा बदलून घेईन.

तुमची,
संघप्रिया